राहिलं म्हणजे केलंच

दर शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजता आमच्या चर्चमध्ये कन्फेशनची रांग लागते, आणि त्या रांगेत सायमनकाकांच्या मागे उभं राहायला कुणीही तयार नसतं. बाकीच्यांची पापं दोन-तीन मिनिटांत आटोपतात. खोटं बोललो, चिडलो, सासूला उलटून बोलले, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवली. फादर हळू आवाजात दोन शब्द सांगतात आणि माणूस क्रूसाची खूण करून बाहेर येतो. सायमनकाकांना पंचवीस मिनिटं लागतात. वास्तविक त्यांनी आठवडाभरात काहीच केलेलं नसतं. तीच तर त्यांची अडचण आहे. ते न केलेल्या गोष्टी सांगायला येतात.

दुसरी अडचण रांगेची. काकांची एकतीस वर्षं कारखान्यातल्या प्रेस शॉपमध्ये गेली. तिथे पत्र्यावर दिवसभर घण पडल्यासारखे आवाज होतात, आणि त्यात त्यांचे कानही गेले. पडद्याआड गुडघे टेकून ते आपल्या मते कुजबुजतात. ती कुजबुज पायऱ्यांवर चपला काढणाऱ्यालाही ऐकू जाते. मग रांगेतले सगळे छताकडे पाहू लागतात. फिलोमिना मावशी मोठ्याने जपमाळ सुरू करतात, म्हणजे निदान अर्धं तरी झाकलं जावं.

इथे एक खुलासा केलेला बरा. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांला शिकवलं होतं की दुसऱ्याचं पापनिवेदन चुकून कानावर पडलं, तरी ते बाहेर बोलायचं नाही. फादरांना जे बंधन, तेच ऐकणाऱ्याला. मी ते पाळते. इथे चर्चमध्ये ऐकलेलं त्यांचं एकही वाक्य लिहिलेलं नाही. सुदैवाने काका तेच सगळं आमच्या इमारतीच्या जिन्यातही सांगतात.

फक्त शेवटचं एक कलम सोडून. पंचवीस मिनिटं संपत आली की काकांचा आवाज खरोखरच खाली जातो, आणि मिनिटभर कुणालाच काही ऐकू येत नाही. त्या मिनिटापुरती फिलोमिना मावशींची जपमाळसुद्धा थांबते. मावशी म्हणतात, श्वास घ्यायला. ते कलम काका जिन्यातही सांगत नसत. बाहेर येताना त्यांचा चेहरा हलका झालेला नसे. बाकी सगळं आत ठेवून, ते एक तेवढं परत घेऊन आल्यासारखे दिसत.

काळेवाडीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, काका-काकू तिसऱ्यावर. दोन्ही घरं नगर जिल्ह्यातून आलेली, दोन्ही कॅथलिक. इमारतीत बाकी सगळे बीड, लातूर, साताऱ्याकडचे. त्यांच्यात आम्ही दोन घरं नाताळच्या करंज्यांसाठी ओळखली जातो, आणि वर्षातले उरलेले दिवस सायमनकाकांसाठी.

मिस्सेच्या सुरुवातीला आम्ही सगळे मिळून पापं कबूल करतो. विचारांतली, बोलण्यातली, केलेली, आणि चौथी म्हणजे जे करायला हवं होतं ते न केल्याची. चौथ्यापर्यंत पोचेस्तोवर बहुतेकांचं लक्ष पुढच्या बाकावरच्या साडीकडे गेलेलं असतं. सायमनकाका मात्र केव्हातरी त्या चौथ्यावर अडकले, ते अजून तिथेच आहेत.

"पहिली तीन करायला माणसाला काहीतरी हालचाल करावी लागते," काका म्हणतात. "चोर निदान दमतो तरी. चौथं पाप बसल्या जागी होतं. टीव्ही बघता बघता होतं. राहिलं म्हणजे केलंच."

'राहिलं म्हणजे केलंच' हे काकांचं वाक्य इमारतीत सगळ्यांना पाठ आहे. जिन्यात कुणी सहज म्हणालं, "अगं बाई, कोथिंबीर आणायची राहिलीच!" की वरून आवाज येतो, "राहिली म्हणजे..." आणि माणूस कोथिंबिरीसाठी उलट्या पावली पळतो.

काका क्वालिटी इन्स्पेक्टर होते. माल पास की नापास हे ठरवणारे. निवृत्त झाले तरी त्यांचा धर्म आणि त्यांचं खातं वेगळं झालं नाही. बाहेरून तपासणीला येणारे लोक कंपनीतल्या चुकांच्या तीन जाती लावतात. मोठी ती मेजर, छोटी ती मायनर, आणि नुसतीच नोंद घेण्यासारखी ती ऑब्झर्वेशन. काकांनी ही विभागणी पापांना लावली. एकदा रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात त्यांनी फादरांना गाठलेलं मी पाहिलं. फादरांच्या हातात कुणीतरी दिलेला केकचा तुकडा होता.

"फादर, पवना नदीवर फेस आला होता. मी पुलावरून बघितला, फोटो काढला, आणि तक्रार केली नाही. मेजर का मायनर?"

फादर थोडा वेळ केककडे बघत राहिले. "सायमन, जेवण झालं का तुमचं?"

"नाही."

"मग आधी जेवा. हे ऑब्झर्वेशन."

काकांचं समाधान झालं. फादरही हळूहळू ही भाषा शिकले. पूर्वीचे फादर शिकले नाहीत. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं, त्याला आम्ही सगळ्यांनी विरहाचं दुःख म्हणायचं ठरवलं.

कंपनीतून आणलेलं तपासणीच्या कोऱ्या अहवालांचं एक पॅड काकांच्या काखेत असतं. त्यावर ते रोज लिहितात. पहिला रकाना 'काय राहिलं'. पुढचे पाच रकाने 'का?' कंपनीत शिकवतात म्हणे, की पाच वेळा 'का' विचारलं की चुकीचं मूळ सापडतं. मी एकदा वाचलंय. अंगणवाडी सेविकांच्या मोर्चाला जायचं राहिलं. का? उशीर झाला. का? स्कूटर सुरू होईना. का? प्लग काळा. का? साफ केला नाही. का? आळस. काकांची बहुतेक सगळी पापं पाचव्या 'का'ला आळसावर येऊन थांबतात. त्यासाठी शेवटचा रकाना आहे, 'उपाय'. त्यात लिहिलं होतं, 'प्लग.'

अन्याय कुठलाही असो, काका कळल्याबरोबर निघतात. ताथवड्यात रस्त्यासाठी झाडं तोडायची होती, तर काका एका झाडाला मिठी मारून उभे. ते झाड तोडायच्या यादीत नव्हतं. माळी बिचारा पाणी घालायला थांबून राहिला होता. मागे थेरगावात भटक्या कुत्र्यांवरून दोन गट पडले. एकांचं म्हणणं कुत्री हलवा, दुसऱ्यांचं म्हणणं त्यांना खायला घालू द्या. दोघांनी चौकात समोरासमोर मांडव टाकले. काका सकाळी एका मांडवात बसले, दुपारी दुसऱ्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांनी व्हॉट्सॲपवर टाकलेल्या फोटोंत ते पुढच्याच रांगेत होते.

"अहो, पण तुमचं मत काय?" मार्थाकाकूंनी विचारलं.

"मत नंतर बनवता येतं. आधी हजेरी लागते."

"जगाचं सगळं केलंत. गॅसची नळी बदलायची राहिलीय चार महिने."

"ती मायनर आहे."

"स्फोट झाल्यावर मेजर होईल," काकू म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

तळमजल्यावरच्या मोरेमावशींना तर हा सगळा प्रकार कळतच नसे. त्या बीडकडच्या. एकदा त्यांनी जिन्यात काकांना स्पष्टच सांगितलं, "सायमनभाऊ, तुमचा देव लईच कडक दिसतोय बघा. आमच्यात जे केलं त्याचं फळ. न केलेल्याचं कोण इचारतंय?"

काका दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी खाली जाऊन मावशींना म्हणाले, "समजा, तुम्ही गॅसवर दूध ठेवलं आणि बघायला गेला नाहीत. उतू गेलं. हे केलं का नाही केलं?"

मावशी म्हणाल्या, "अगं बया, दूध!" आणि आत धावल्या. दूध उतू गेलं होतं. त्या दिवसापासून मावशी काकांना थोडं वचकून असतात.

या सगळ्यात माझा संबंध एवढाच, की शनिवारी चर्चमधून परतताना काका मला स्कूटरवरून घरी सोडतात. मी बोलत नाही ही माझ्याबद्दलची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आहे. शाळा इंग्रजी, घर मराठी, चाकणच्या ऑफिसात सगळं हिंदी. तिन्हींत मिळून गप्प राहणंच सोपं पडतं. मीटिंगमध्ये कुणी "एनी पॉइंट्स?" विचारलं की मी वहीत काहीतरी लिहिते. काकांनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि माझं नाव 'साक्षीदार' ठेवलं.

"काय साक्षीदार, आज काय राहिलं?"

"काही नाही, काका."

"असं कसं? रोज काहीतरी राहतंच. तू शोधत नाहीस."

मी हसायचे. हसलं की पुढचा प्रश्न येत नाही, हे मला अनुभवानं माहीत आहे.

यंदा मार्थाकाकूंनी बरीच भांडणं करून काकांना कानाचं मशीन घ्यायला लावलं. नवीन मशीन कानात घालून काका शनिवारी रांगेत आले. सगळ्यांना हसून दाखवलं. फिलोमिना मावशींना म्हणाले, "जपमाळ जरा हळू, सगळं ऐकू येतंय." मग त्यांचा नंबर आला आणि ते पडद्याआड गेले.

ते काय बोलले ते सांगणार नाही. पण पहिलं वाक्य अर्ध्यावरच थांबलं. मग काहीच आवाज नाही. थोड्या वेळाने काका बाहेर आले. एक हात कानावर होता. त्यांनी रांगेकडे पाहिलं. फिलोमिना मावशी, मागचे दोन कॉलेजचे मुलगे, मी. आम्ही सगळे नेहमीसारखेच छताकडे बघत होतो. तेवढ्यावरून त्यांना कळलं.

आम्ही घरी आलो. जिन्यात, पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबले.

"सगळ्यांना ऐकू येतं?"

"हो, काका."

"कधीपासून?"

"मी रांगेत यायला लागले तेव्हापासून तरी."

"आणि आख्ख्या रांगेतल्या एकानंही मला सांगितलं नाही?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "राहिलं."

मला वाटलं, आता ओरडतील. ते मटकन पायरीवर बसले आणि हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "म्हणजे सगळे! मावशीसकट! मेजर आहे हे, मेजर!" मग हळूहळू हसू ओसरलं. त्यांनी कानातलं मशीन काढलं आणि शर्टच्या खिशात ठेवलं. "यात माझाच आवाज येतो. नको." आणि मग, माझ्याकडे न बघता, "शेवटचंही ऐकू येतं?"

"नाही. ते नाही."

त्यांनी काखेतलं पॅड मांडीवर घेतलं. वरून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, म्हणजे मला येत होत्या. मग त्यांनी सांगितलं. जिन्यात सांगितलं, म्हणून लिहिते. लिहू का, हेही नंतर विचारून घेतलंय.

माल नापास झाला की इन्स्पेक्टर त्याला लाल टॅग बांधतो. लाल टॅगचा माल गेटबाहेर जात नाही. फार वर्षांपूर्वी, प्रेस शॉपमध्ये, काकांच्या शेजारच्या टेबलावर दत्तू नावाचा इन्स्पेक्टर होता. चाकणजवळच्या गावचा. महिनाअखेर होती आणि माल पाठवायची घाई होती. दत्तूनं एका मोठ्या खेपेला लाल टॅग बांधला. तो जेवायला गेल्यावर सुपरवायझरनं काकांच्या डोळ्यांदेखत टॅग सोडवून खिशात घातला आणि माल रवाना केला. माल गिऱ्हाइकाकडून परत आला. दत्तूनं टॅग बांधलाच नव्हता, असं ठरायला लागलं. चौकशी बसली. काकांना साक्षीला बोलावलं.

"तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

"काहीच नाही. सुपरवायझर समोरच बसलेला, बाजूला दत्तू. साहेब म्हणाले, तुम्हाला काही सांगायचंय का? टेबलावर पाण्याचा ग्लास होता. मी त्या ग्लासाकडे बघत बसलो. खोटं बोललो नाही. एक शब्दसुद्धा खोटा नाही." ते थांबले. "दत्तूची नोकरी गेली."

पॅड त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी पहिलं पान उघडून दाखवलं. पहिल्या रकान्यात 'साक्ष' एवढाच शब्द. पुढे पाच वेळा 'का'. पहिल्या 'का'पुढे लिहिलं होतं, भीती. पुढच्या चारही ठिकाणी तेच.

"फादरांनी काय सांगितलं ते मी सांगू शकतो, बंधन त्यांना आहे, मला नाही. ते म्हणतात, देवाकडून क्लिअर आहे. आता दत्तूला तोंडाने सांगून ये. डांगे चौकात त्याची चहाची टपरी आहे. दर शनिवारी कन्फेशन झालं, तुला सोडलं, की मी तिकडे जातो. चहा पितो. परत येतो."

"आणि सांगत नाही?"

"राहतं."

मग एकदम उठले. "चल. आत्ता चल. साक्षीदार लागतो. तू बोलत नाहीस म्हणून तुलाच नेतो."

डांगे चौकात त्या वेळी सगळी दुनिया रस्त्यावर असते. बस, रिक्षा, कंपन्यांच्या गाड्या, आणि प्रत्येकाचा अंगठा हॉर्नवर. कोपऱ्यावर दत्तूकाकांची टपरी. वाळकी अंगकाठी, पांढरे खुंट, खांद्यावर फडकं.

"आलास व्हय! आज इतक्या लवकर? पापं कमी पडली का रं?" आणि मला बघून, "ही कोण म्हनायची?"

"शेजारची. साक्षीदार."

"कशाची?"

"सांगतो. चहा टाक."

काका बाकड्यावर बसले आणि नदीवरच्या फेसाबद्दल बोलले. मग झाडांबद्दल. मग कुत्र्यांबद्दल, दोन्ही बाजूंनी. दत्तूकाका "व्हय, व्हय" म्हणत चहा गाळत होते. पहिला ग्लास संपला. दुसरा आला. मी ग्लास धरून गप्प बसले, ज्यासाठी मला आणलं होतं.

मग काका पुढे वाकले आणि कुजबुजले. खरंखुरं कुजबुजले. मला शेजारी बसून जेमतेम ऐकू आलं.

"आं?" दत्तूकाका म्हणाले.

मग माझ्या लक्षात आलं. हेही त्याच प्रेस शॉपमधले. कानही तेच.

काका पुन्हा कुजबुजले.

"मोठ्यानं बोल की राव! गाड्या बग किती हायती!"

काकांनी डोळे मिटले, छाती भरून घेतली, आणि नेमका त्याच क्षणी सिग्नल लाल झाला. सगळा चौक क्षणभर गप्प. त्या शांततेत काकांचा प्रेस शॉपमधला आवाज घुमला.

"दत्तू, लाल टॅग काढताना मी बघितलं होतं!"

वडापाव खाणारे दोघे वळून बघायला लागले. एका रिक्षावाल्याने रिक्षा बंद केली. मी ग्लासात बघत होते, आणि मग आठवलं की ग्लासात बघणं बरं दिसणार नाही, म्हणून दत्तूकाकांकडे बघितलं.

त्यांनी किटलीवरून नजर उचलली नाही. "म्हाईत हाय."

"काय?"

"म्हाईत हाय मला!" आता तेही ओरडले. "तवा मी तुज्याकडंच बगत व्हतो. तू गिलासाकडं बगत व्हतास."

"मग इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस!"

"मी का बोलू? ते तुजं व्हतं बोलायचं. दर शनवारी वाटायचं, आज बोलंल. मंग तू नदीचं बोलायचास." त्यांनी तिसरा ग्लास बाकड्यावर इतक्या जोरात ठेवला की अर्धा चहा सांडला. "लई वरसं लावलीस, सायमन. घे. पी."

काकांनी ग्लास घेतला. दोन्ही हातांनी धरला. सिग्नल सुटला, हॉर्न सुरू झाले आणि रिक्षावाला रिक्षा सुरू करून निघून गेला. काकांनी चहा संपवला. माफ केलं, असं दत्तूकाका म्हणाले नाहीत. काकांनीही माफी मागितली नाही.

आम्ही उठलो. काका स्कूटरकडे गेले. दत्तूकाका ग्लास विसळत होते. पाण्याकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "सांगून झालं. आता कशाला येतुया ह्यो."

काकांचं मशीन खिशात होतं. त्यांनी किक मारली. ऐकलं ते मी एकटीने.

वाटेत सांगता आलं असतं. पण वारा होता, हेल्मेट होतं. घरी पोचल्यावर सांगता आलं असतं, पण काकू दारात उभ्या होत्या. सोमवारी ते खाली भाजी घेताना भेटले, तेव्हा भाजीवाला होता. न बोलायची कारणं शोधायला मला कधीच कष्ट पडत नाहीत.

काका त्या आठवड्यात शीळ घालत जिना चढत होते. गॅसची नळी बदलली. काकूंनी ती दोनदा हात लावून पाहिली. शुक्रवारी जिन्यात काकांनी मला पॅड दाखवलं. पहिल्या पानावरच्या 'साक्ष' या शब्दावर हिरव्या शाईने आडवी रेघ होती आणि पुढे इंग्रजीत 'क्लोज्ड'.

"आता डांगे चौक बंद," ते म्हणाले. "इतकी वर्षं दर शनिवारी जाऊन त्याच्या डोळ्यांसमोर बसायचो. काय वाटत असेल त्याला! आता परत तोंड दाखवून त्रास द्यायचा नाही."

हाच तो क्षण होता. दारात कुणी नव्हतं, वारा नव्हता, हेल्मेट नव्हतं.

"हं," मी म्हणाले.

शनिवारी रांगेत काकांच्या मागे मी होते. त्यांच्यापुढे एकच बाई उरली होती. इतकं सगळं उघड झालं तरी काकांनी रांग सोडली नव्हती. "ऐकलंच आहे सगळ्यांनी, तर आता साक्षीदार समजायचं," असं त्यांचं म्हणणं. मशीन अर्थात खिशात होतं. मी छताकडे बघत मनातल्या मनात पाच रकाने भरले. का सांगितलं नाही? वेळ मिळाला नाही. का? मी काढला नाही. का? त्या दोघांचं आहे, माझं काय त्यात? का? मला कुणी विचारलं नाही. का? पाचव्याला भीती आली नाही, आळसही आला नाही. सवय आली. डांगे चौकात एक माणूस आता किटलीवरून रस्त्याकडे बघत असेल, आणि ते जगात फक्त मला माहीत होतं.

ती बाई बाहेर आली. काकांनी पाऊल उचललं.

"काका," मी म्हणाले.

त्यांना ऐकू गेलं नाही. मी बाही ओढली. "काका!"

"काय गं?"

हळू सांगून उपयोगच नव्हता. माझा आवाज मोठा केल्यावर कसा येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. "काका, दत्तूकाका वाट बघत असतील! तुम्ही गाडी काढत होता तेव्हा ते म्हणाले, सांगून झालं, आता कशाला येतोय हा!"

चर्चमध्ये आवाज घुमतो. तो वेदीपर्यंत जाऊन परत आला. फिलोमिना मावशींची जपमाळ बंद पडली.

काका माझ्याकडे बघत राहिले. "असं म्हणाला तो?"

"हो."

"आणि तू आज सांगतेस?"

"राहिलं होतं."

त्यावर त्यांनी त्यांचं ते वाक्य म्हणायला हवं होतं. म्हणाले नाहीत. घड्याळ बघितलं, काखेतलं पॅड माझ्या हातात कोंबलं आणि गुडघे दुखत असूनही पायऱ्या जवळजवळ धावतच उतरले. बाहेर स्कूटरची किक ऐकू आली. पहिली फुकट. दुसरी फुकट. तिसरीला लागली.

आत फादर बहुधा पंचवीस मिनिटांच्या तयारीने बसले होते. बराच वेळ कुणी आलं नाही, तेव्हा त्यांनी पडदा बाजूला करून डोकं बाहेर काढलं.

"सायमन?"

रांगेतले सगळे पुन्हा छताकडे बघू लागले. शेवटी फिलोमिना मावशी म्हणाल्या, "सायमन राहिले आज, फादर."

फादरांनी दाराकडे पाहिलं. स्कूटरचा आवाज डांगे चौकाच्या दिशेने लांब जात होता. तो ऐकू येईनासा होईपर्यंत ते तसेच बघत राहिले.

"राहू द्या," ते म्हणाले, आणि पडदा ओढून घेतला.